जांभळी बोटं

सावरटोकच्या मिलमध्ये अनुसया निकुरेला सगळे ‘रंगवाल्या बाई’ म्हणून ओळखत. यंत्रावर चोवीस कॅमेरे होते. सेकंदाला दहा मीटर वेगानं धावणाऱ्या फिल्मचा इंच न् इंच ते न्याहाळत. पण कॅमेऱ्यांनाच शंका आली की पडद्यावर दोन चौकटी लुकलुकायच्या आणि निवाडा बाईंकडे यायचा. डाग आहे की सावली? पिवळट आहे की दुधी? अनुसया एकदा बघायची, बटण दाबायची आणि पुन्हा उजेडाच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची.

तिथे उभं राहणं तिला आवडायचं. चार मीटर रुंदीचा पारदर्शक पट खालच्या दुधी दिव्यांवरून अखंड वाहत असायचा. मिलमध्ये त्याला वेब म्हणत. वेग इतका, की तो जाणवायचाच नाही. उन्हाळ्यात वैनगंगेचा डोह दिसतो तसा तो निश्चल दिसायचा. मधूनच एखादी लहर झर्रकन निघून जायची आणि मग कळायचं, की इथे काहीच थांबलेलं नाही. सव्वीस वर्षं ती हे बघत होती. कधी कधी तिला वाटायचं, आपण यंत्राशी नाही, काठावर उभ्या आहोत, आणि समोरून अख्ख्या देशाची न्याहारी वाहत चाललीय.

त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. घरोघरचं प्लास्टिकचं वेष्टण बंद झालं, तेव्हापासून पोळ्या, भाकरी, चिरलेली फळं, पनीर सगळं ‘पापुद्र्या’त गुंडाळलं जायचं. बांबूचा लगदा विरघळवून मधासारखा घट्ट रस करायचा, तो एका अरुंद फटीतून कुंडात सोडायचा, की त्याची फिल्म जमते. मग ती गरम रुळांवरून सुकवत न्यायची. वापरून मातीत टाकली तर दोन पावसांत तिचीही माती व्हायची. पण खरी करामत रंगाची होती. फिल्मच्या आतल्या थरात रेणूंच्या चिमुकल्या वाट्या होत्या, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या. अन्न उतरायला लागलं की त्यातून वेगवेगळे वायू सुटतात. तो वायू वाटीत जाऊन बसला की वाटी किंचित वाकायची आणि तिच्यातून येणारा उजेड बदलायचा. भाजी आंबायच्या बेतात असली की फिल्म लिंबाच्या रंगाची व्हायची, दूध नासणार असलं की विटकरी. नाक लावून वास घ्यायची गरजच उरली नव्हती. लोक अन्न बघून ताजं-शिळं ठरवायला शिकले होते.

पिवळा, विटकरी आणि पारदर्शक. पापुद्र्याला एवढेच रंग ठाऊक होते, असं सगळ्यांना वाटत होतं.

भाद्रपदात एका सकाळी व्यवस्थापक पाठराबे साहेबांनी अनुसयेच्या टेबलावर पाकिटांचा ढीग आणून ठेवला.

“बाई, ग्राहकांच्या तक्रारी. म्हणतात, फिल्मवर जांभळे डाग पडतात. हात धुतले तरी पडतात. जरा बघा, शाईबिईचा घोळ आहे का.”

अनुसयेनं एकेक तुकडा दिव्यावर पसरला. ते डाग नव्हते, बोटं होती. तीन बोटं आणि समोर एक अंगठा, पोळी धरताना पडतात तशी. रंग जवसाच्या फुलाचा, कडेला फिका आणि मध्ये जरा गडद. सगळे तुकडे मांडून झाले, तेव्हा टेबलावर जवसाचं शेत फुलल्यासारखं दिसत होतं. ती किती तरी वेळ नुसती बघत राहिली. हा रंग तिनं कुठेतरी पाहिला होता, आणि फार दिवस झाले नव्हते.

घरी गेल्यावर आठवलं. नवऱ्याचा डबा.

केवळराम निकुरे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचा. दिवाळीनंतर धानाची कापणी झाली की मंडळी गावोगाव निघायची ती होळीपर्यंत, आणि त्याआधीचे दोन महिने रोज दुपारी तालमी. तो पापुद्र्यात गुंडाळलेल्या पोळ्या घेऊन जायचा आणि फिल्म घडी करून परत आणायचा, अशी त्याची सवय. गेल्या आठवड्यात ओट्यावर ती घडी उलगडली, तेव्हा तिला त्यावर फुलं दिसली होती. किती छान, असं मनाशी म्हणून तिनं ती खताच्या खड्ड्यात टाकली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं पाकिटांवरच्या नंबरांवर फोन लावायला घेतले. पहिला लागला वेंगुर्ल्याला, सुहासिनी परब म्हणून एका म्हाताऱ्या बाईंना.

“आजी, हे डाग घरात सगळ्यांच्या बोटांचे पडतात काय?”

“नाय गो. माझे नाय. आमच्या ह्यांचेच येतत.”

“त्यांच्या हाताला काही लावता काय? औषध, मलम?”

“मलम कसला! हात थरथरतत त्यांचे. सहा वर्सां झाली.”

अनुसयेनं अकरा फोन केले. आठ घरांत ज्याची बोटं जांभळी उमटत होती, त्याला कंपवात होता. उरलेल्या तीन घरांतले लोक म्हणाले, आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, तुम्ही फिल्म बदलून द्या.

ती यादी घेऊन ती प्रयोगशाळेत तस्नीम काझीकडे गेली. डॉक्टर तस्नीम नागपूरची, चौतिशीची. पापुद्र्याच्या रंगाचं नवं मिश्रण तिनंच बसवलं होतं. मिलच्या क्वार्टरमध्ये एकटी राहायची आणि चहा प्यायला अधूनमधून अनुसयेकडे यायची. यादी वाचून ती खुर्चीत बसली. मग काचेच्या फळ्यावर तिनं एक वाटी काढली.

“मावशी, आपली प्रत्येक वाटी एकाच पाहुण्यासाठी असते. नव्या मिश्रणात मी वाट्या थोड्या मोठ्या केल्या, मासळीचा वायू पकडावा म्हणून. त्यात दुसराच कुणीतरी येऊन बसतोय. आपल्या कातडीवर तेलाचा पातळ थर असतो ना? कंपवातात मेंदूतल्या काही पेशी हळूहळू मरतात. पण त्याच्या फार आधी या तेलाचा कस बदलतो. हात थरथरायच्या आठ-दहा वर्षं आधीसुद्धा.”

“म्हणजे ते तीन ठणठणीत लोक?”

“आज ठणठणीत आहेत,” तस्नीम म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “मावशी, तुम्हाला कळतंय का हे काय आहे? एवढ्या आधी कुणालाच कधी कळलेलं नाही!”

अनुसयेला फक्त ओट्यावरची घडी दिसत होती.

त्या संध्याकाळी ती दारात आली, तर केवळराम खिडकीजवळ ऑर्गनवर बसला होता. नव्या नाटकातल्या गाण्याची चाल बसवत होता. उतरतं ऊन त्याच्या हातांवर पडलं होतं आणि बोटं पाण्यावर चालावीत तशी पट्ट्यांवर चालत होती. एकही सूर चुकत नव्हता. ती चपला न काढताच उंबऱ्यावर बसली. हे हात आणि ते जांभळे ठसे एकाच माणसाचे आहेत, हे तिच्या मनात काही केल्या बसेना.

“अवं, आत ये ना,” तो न वळता म्हणाला. “काहून बसली तिथं?”

“वाजवा तुमी. इथून चांगलं ऐकू येते.”

सांगू उद्या, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. तिनं त्याचा डबा बदलला. स्टीलच्या डब्यात स्वच्छ धुतलेल्या फडक्यात पोळ्या द्यायला लागली. घरातली पापुद्र्याची गुंडाळी माळ्यावर टाकली. त्याला विचारायचं तर विचारू दे, पण त्यानंही विचारलं नाही. मात्र तो कपबशी उचलताना, गुंड्या लावताना, सही करताना तिची नजर त्याच्या हातांवर जायची. तो हसून म्हणायचा, “काय बघतेस?” आणि ती म्हणायची, “काही नाही जी.” असे चार-पाच महिने गेले. दिवस वरून अगदी पूर्वीसारखे होते. जसा टेबलावरून जाणारा पट वरून थांबल्यासारखा दिसतो.

ही गोष्ट मिलमध्ये किती दिवस राहणार? माघात कुणीतरी फोनवर एक चित्रफीत टाकली आणि पंधरा दिवसांत देशातल्या सगळ्या स्वयंपाकघरांत लोक एकमेकांची बोटं बघायला लागले. मुलगी बघायला गेलेली मंडळी पोहे खाऊन झाल्यावर बशीवरची फिल्म खिशात घालू लागली. एका मोठ्या कार्यालयाच्या उपाहारगृहात डब्यांची वेष्टणं रोज गोळा होऊ लागली, ती कशाला, हे कुणी सांगत नव्हतं. मिलमधल्याच एका फोरमनच्या मुलाचा साखरपुडा मोडला आणि महिनाभरानं निघालं, की ते डाग जांभळाच्या सरबताचे होते. पापुद्र्याचा खप मात्र दुप्पट झाला. यंत्र थांबेना.

एका दुपारी केवळराम दौऱ्यावरून अवेळी परतला. पिशवी दारात ठेवली आणि सरळ स्वयंपाकघरात आला. अनुसया तांदूळ निवडत होती.

“आमच्या मंडळीत आज सगळ्यांनी आपापल्या फिल्मा उजेडात धरल्या,” तो म्हणाला. “गंमत म्हणून. माझ्याकडं नव्हतीच. मी म्हटलं, माझी बायको मिलमध्ये रंग बघते, आणि मलाच फडकं देते! सगळे हसले. मग मी येताना गाडीत बसून इचार केला.”

सुपातले तांदूळ तसेच राहिले.

“डबा कधी बदलला, अनुसया?”

“भाद्रपदात.”

“म्हणजे तवापासून तुला माहीत आहे.”

“तुमी वाजवत होते. मला वाटलं, या हंगामात तरी... मग वाटलं, होळीनंतर...” तिनं सूप खाली ठेवलं. “कसं सांगू जी मी?”

तो तिच्यासमोर पाटावर बसला. रागावला होता, पण त्याला रागावता येत नसे. रागावला की तो जास्तच हळू बोलायचा.

“मला सांगायचं का नाही, हे तू ठरवलं. आणि तुमच्या मिलनं सगळ्यांना सांगायचं ठरवलं, कुणी इचारलं नाही तरी. दोन्ही सारखंच झालं की नाही? ज्याचे हात, त्याला कुणीच इचारलं नाही.”

मग त्यानं सुपात बोटं घातली आणि मूठभर तांदूळ नाकाशी नेले.

“नवा तांदूळ आहे ना? ह्याचा वास येते म्हणतात घरभर. मला येत नाही. दोन वर्षं झाली. मोहफुलाचा नाही, तुझ्या फोडणीचा नाही, कशाचाच नाही. तू इचारायची, कसा झाला रस्सा? मी म्हणायचो, वास तर झकास सुटला आहे.” तो ओशाळून हसला. “डॉक्टर म्हणाले होते, हे कंपवाताचं पहिलं लक्षण असू शकते, नागपूरला जाऊन तपासून घ्या. मी गेलो नाही. तुला सांगितलं नाही.”

अनुसयेला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं. दोन वर्षं हा माणूस तिच्या स्वयंपाकाचं खोटं कौतुक करत होता.

पुढच्या सोमवारी मिलमध्ये बैठक होती. मुंबईहून विक्रीविभागाचे लोक आले होते. त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवली: प्रत्येक स्वयंपाकघर म्हणजे दवाखाना. जांभळा रंग आणखी गडद करायचा, किंमत वाढवायची. तस्नीम त्यांच्या बाजूनं होती.

“लवकर कळलं तर लवकर उपचार सुरू होतात,” ती पोटतिडकीनं म्हणाली. “व्यायाम, नवी औषधं. पाच-सात चांगली वर्षं वाढतात. आपण हे लपवायचं?”

पाठराबे साहेबांनी सवयीनं विचारलं, “रंगवाल्या बाई, तुमचं काय म्हणणं? या रोलवर सही तुमची लागते.”

अनुसया उभी राहिली. बैठकीत ती कधी दोन वाक्यांच्या वर बोललेली नव्हती.

“साहेब, गिऱ्हाईक पोळ्या गुंडाळायला फिल्म घेते. भाजी शिळी झाली का, एवढंच त्यानं आपल्याला इचारलं आहे. जे इचारलं नाही, ते त्याच्या घरच्यांसमोर, त्याच्या मालकासमोर आपण कसं सांगायचं? हा रंग आपण विकलेला नाही. म्हणजे तो डाग आहे. डाग असलेल्या रोलवर मी सही करत नाही.”

“आणि ज्यांना जाणून घ्यायचं आहे, त्यांचं काय?” तस्नीम म्हणाली.

“त्यांच्यासाठी वेगळा कागद करा. मॅडम, तुमी कधी ड्रायरच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आहेत? सुकवणीतून फिल्म कोरडीठाक बाहेर येते ना, तेव्हा तिच्यावर आंबलेली भाजी ठेवली तरी रंग चढत नाही. तोच तुकडा कुंडाजवळच्या दमट हवेत नेला की रंग फुलते. मी कितीदा पाहिलं आहे. मग असा कोरडा कागद करता येणार नाही काय, की बोट ठेवलं तरी तो गप्प राहील? ज्यानं ठेवलं त्यानंच वाफेवर धरला तरच बोलेल. आणि एकदा बोलून झालं की पुसून जाईल. दुसऱ्याच्या हाती लागायला नको.”

तस्नीम हातातल्या पेन्सिलीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून अनुसयेला कळलं, की बैठक आता तिच्या डोक्यातून निघून गेली आहे आणि ती वाट्या मोजायला लागली आहे.

गोष्टीत घडतं तितक्या पटकन काही घडलं नाही. विक्रीवाल्यांनी महिनाभर ऐकलं नाही. त्या महिन्यात अनुसयेनं एकाही रोलवर सही केली नाही आणि रोल गोदामात छतापर्यंत रचले गेले. पाठराबे साहेब तिला रोज बोलावून आधी समजावत, मग चिडत, मग चहा मागवत. शेवटी आरोग्य खात्याचं पत्र आलं, की परवानगीशिवाय रोगनिदान विकता येणार नाही, आणि पापुद्र्याच्या वाट्या पुन्हा लहान झाल्या. फिल्म पूर्वीसारखी पारदर्शक वाहू लागली. कोरडा कागद बनवायला तस्नीमला आणखी तीन वर्षं लागली. पोस्टाच्या तिकिटाएवढा, लाखबंद पाकिटात. वाफेवर धरला की मिनिटभर रंग दाखवायचा, मग वाळताना त्याच्या वाट्या मोडून जायच्या आणि तो कायमचा कोरा व्हायचा.

त्या तीन वर्षांत केवळराम नागपूरला गेला, औषधं चालू केली, पहाटे नदीच्या वाळूत चालायला लागला. दोन हंगाम त्यानं पूर्ण वाजवले. तिसऱ्या हंगामात डाव्या हाताची बोटं मागे रेंगाळायला लागली, तेव्हा त्यानं स्वतःच मंडळीला सांगितलं आणि नव्या वादकाला चाली शिकवायला घेतल्या. घरी मात्र तो रोज वाजवायचा. उजवा हात पुढे जायचा, डावा मागून यायचा. अनुसयेला त्या उशिरा येणाऱ्या सुरांची सवय झाली. कधी कधी तर तिला तीच चाल खरी वाटायची.

कागद बाजारात आला, त्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तस्नीम घरी आली. चहा नको म्हणाली. पर्समधून एक पाकीट काढून तिनं टेबलावर ठेवलं.

“माझ्या अब्बांना होता,” ती म्हणाली. “मी बारावीत होते तेव्हापासून. दादांनाही, म्हणजे अब्बांच्या वडलांनाही होता. एवढी वर्षं मी लोकांची बोटं तपासली. स्वतःचं बोट एकदाही ठेवलं नाही. मावशी, बघू का मी?”

“ते मी कशी सांगू?” अनुसया म्हणाली. “एवढंच इचारते. बघून झाल्यावर घरी कोण आहे?”

तस्नीमनं मान हलवली. कुणी नव्हतं.

“मग इथंच बघ. नाही बघावंसं वाटलं, तरी जेवून जा.”

“आधण मी ठेवतो,” केवळराम आतून म्हणाला.

त्यानं पातेलं गॅसवर ठेवलं. थोडं पाणी ओट्यावर सांडलं, ते कुणी पुसलं नाही. तांदूळ वैरले. तिघं ओट्याशी उभी राहिली आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात वाफ संथ वर चढू लागली. तस्नीमनं पाकीट फोडलं. कागदावर तीन बोटं आणि अंगठा टेकवला, तो वाफेवर धरला आणि डोळे मिटून घेतले.

“तुम्ही बघा, मावशी. तुमच्याइतकं रंग कुणाला कळत नाही.”

अनुसया वाकली. कागदावर आधी काहीच नव्हतं. मग कडेनं, धुक्यातून शेत दिसू लागावं तसा, रंग वर आला. सव्वीस अन् तीन, एकोणतीस वर्षांत तिनं लाखो निवाडे एका क्षणात दिले होते. या एकाला तिला श्वास घ्यावा लागला.

“जांभळा आहे, बेटा,” ती म्हणाली. “फिका आहे. पण आहे.”

तस्नीमनं डोळे उघडले, तेव्हा रंग ओसरत होता. थोड्या वेळानं तिच्या चिमटीत कोरा कागद उरला. ती तशीच उभी राहिली. मग केवळरामकडे वळून म्हणाली, “काका, तुम्हाला कळलं, त्या दिवशी... सगळ्यात आधी काय वाटलं होतं?”

केवळरामनं खरंच आठवून पाहिलं.

“खरं सांगू? भूक लागली होती,” तो म्हणाला. “दौऱ्यावरून आलो होतो ना. एवढं सगळं बोलणं झालं, आणि मनात सारखं हेच, की ही बाई आता तांदूळ शिजत कधी घालणार!”

तस्नीम आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. अनुसयेनं तिचा तो हात धरला आणि पदरानं कोरडा केला. भात उकळून झाकण खडखडायला लागलं, तेव्हा केवळरामनं तीन ताटं मांडली.